धरण एकाच्या हद्दीत, मालकी सर्वांची



पाण्याच्या पाळीवरून एकाच चारीवर भाऊबंदकी कशी माजते, हे आपणांस सांगायला नको. मग एकच नदी चार देशांतून वाहत असेल तर? पश्चिम आफ्रिकेतील सेनेगल नदीची हकीकत म्हणूनच आम्ही येथे देत आहोत.

ही नदी गिनीच्या डोंगरात उगम पावते, मालीतून खाली येते आणि सेनेगल व मॉरिटानिया यांच्या सरहद्दीवरून समुद्रास मिळते. १९७० च्या सुमारास तिकडे लागोपाठ दुष्काळ पडले. उन्हाळ्यात नदी रोडावली की समुद्राचे खारे पाणी २०० किलोमीटरपर्यंत आत शिरायचे. एकट्याच्या आवाक्यातले हे काम नव्हे. म्हणून माली, मॉरिटानिया व सेनेगल यांनी १९७२ साली संयुक्त संस्था काढली. गिनी २००६ साली सभासद झाला.

संस्थेने दोन धरणे बांधली. मुखाजवळचे दियामा (१९८६) खारे पाणी अडविते. मालीतील मानंताली (१९८८) पावसाळ्याचे पाणी साठवून उन्हाळ्यात सोडते.

खरी गोम पुढेच आहे. १९७८ च्या कराराने ठरले की धरण कोणाच्याही हद्दीत असो, मालकी सर्वांची. खर्चाचा वाटा ज्याच्या-त्याच्या फायद्याप्रमाणे. मानंतालीच्या विजेची वाटणीही ठरली: माली ५२, सेनेगल ३३, मॉरिटानिया १५ टक्के. आपल्या कारखान्याची गव्हाण एका गावच्या शिवारात आहे, पण मालक सगळे भागधारक. अगदी तसेच.

१९८९ साली सेनेगल व मॉरिटानिया यांच्यात रक्तपात झाला, राजनैतिक संबंध तुटले. तरी संस्था मोडली नाही.

सगळेच गोड झाले असे मात्र नाही. पूर ओसरल्यावर ओलीवर पेरणाऱ्यांचा पूरच धरणाने हिरावला. त्यांच्यासाठी मानंतालीतून मुद्दाम पूर सोडावा लागला. दियामामुळे गोडे पाणी बारमाही साचले, पाणवनस्पती माजल्या. याच पाण्यावर ऊस पिकविणाऱ्या रिशार-तोल भागात गोगलगायींमार्फत पसरणारा बिल्हार्झिया रोग बळावला.

आपल्या उपसा योजनांच्या सभासदांनी यातून दोन गोष्टी घ्याव्यात, असे आम्हांस वाटते. वाटा व खर्च पाणी सुरू होण्याआधी लेखी ठरवा. टंचाईत ठरवू म्हटले तर भांडणच ठरते. आणि हिशेब मांडताना चारीच्या शेवटच्या माणसाला आधी विचारा.

– ऊस विकास अधिकारी