अ‍ॅम्बेसेडरच्या घराण्यातील जुनी एमजी

मोसंबी, बियाणे आणि सळई यांसाठी जालना जिल्हा ओळखला जातो. जालना शहराच्या औद्योगिक वसाहतीतील भट्ट्यांत लांबलांबून आलेले भंगार वितळते आणि त्याची बांधकामाची सळई होते. त्या भंगारात एखाद्या अ‍ॅम्बेसेडरच्या इंजिनाचा ओतीव लोखंडाचा ब्लॉक आला, तर त्याकडे कोणी लक्ष देण्याचे कारण नाही. जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचा मालक मात्र त्यापाशी थबकेल. कारण पन्नास-साठच्या दशकांतील एमजी आणि आपली अ‍ॅम्बेसेडर या दोन गाड्यांची इंजिने एकाच घराण्यातील आहेत.

येथे एमजी म्हणजे २०१९ सालापासून भारतीय रस्त्यांवर दिसणाऱ्या नव्या गाड्या नव्हेत. त्यांच्यावर तोच अष्टकोन असला तरी हे नाव आता चिनी कंपनीच्या मालकीचे आहे. जुनी एमजी म्हणजे ऑक्सफर्डच्या ‘मॉरिस गॅरेजेस’मधून निघालेली आणि ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९८० सालापर्यंत तयार झालेली दोन आसनांची, उघड्या टपाची गाडी. १९५५ ते १९६२ या काळात तिचे ‘एमजीए’ हे मॉडेल निघाले आणि त्यानंतर १९८० पर्यंत ‘एमजीबी’. एमजीबीच्या पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या.

१९५२ साली ऑस्टिन आणि मॉरिस यांचे समूह एकत्र येऊन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन ही कंपनी झाली. तिने ऑस्टिनने घडविलेले ‘बी-सीरिज’ इंजिन आपल्या अनेक गाड्यांत वापरले. मॉरिस ऑक्सफर्ड या घरगुती गाडीत ते आले आणि एमजीए या स्पोर्ट्स कारमध्येही आले. हिंदुस्थान मोटर्सची अ‍ॅम्बेसेडर ही मॉरिस ऑक्सफर्डचीच भारतीय आवृत्ती. तिच्यात १९५९ साली हे १४८९ सीसीचे इंजिन बसले. सुरुवातीच्या एमजीएचे इंजिनही १४८९ सीसीचेच. दोहोंचा स्ट्रोक ८८.९ मिलिमीटर, म्हणजे बरोबर साडेतीन इंच. एमजीबीचे इंजिन पुढे १७९८ सीसीपर्यंत वाढले. पण तेथेही बोअर तेवढा मोठा झाला, स्ट्रोक तोच राहिला.

मग एक गाडी सरकारी साहेबांची आणि दुसरी शर्यतीची, हा फरक कशामुळे? एमजीएमध्ये एकाऐवजी दोन कार्बोरेटर आहेत, कॉम्प्रेशन अधिक आहे आणि कॅमशाफ्टची घडण वेगळी आहे. अ‍ॅम्बेसेडरची शक्ती पन्नास अश्वशक्तीच्या आसपास, तर एमजीएची सत्तरच्या. बाकी ओतीव लोखंडाचा ब्लॉक, पुशरॉड, रॉकर आणि टॅपेट ही सारी रचना एकच. जालन्यासारख्या गावात एमजी कोण दुरुस्त करणार, या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. ज्या मिस्त्रीने उमेदवारीच्या काळात अ‍ॅम्बेसेडरचे हेड उतरवले, व्हॉल्व्ह घासून बसवले आणि फीलर गेज घालून टॅपेट लावले, त्याला एमजीचे बॉनेट उघडल्यावर परके काही दिसत नाही. एमजीबीचे टॅपेट थंड इंजिनावर ०.०१५ इंचांवर लावायचे असतात. ही संख्या पुस्तकात सापडते; पाते किती घट्ट सरकले म्हणजे योग्य, हे हातालाच कळते.

पान्यांचा प्रश्न मात्र पहिल्याच दिवशी उभा राहतो. एमजीए आणि एमजीबीचे नट-बोल्ट इंची मापाचे आहेत. आजच्या गॅरेजमधील मिलिमीटरचा पाना त्यांवर जेमतेम बसतो आणि जोर लावताच नटाचे कोपरे गोल होतात. अ‍ॅम्बेसेडरवर हात बसलेल्या मिस्त्रीकडे इंची पाने असतातच. त्याहून जुन्या, १९४५ ते १९४९ दरम्यानच्या एमजी टीसीची तऱ्हा आणखी न्यारी. तिच्या इंजिनातील आटे मिलिमीटरचे, पण बोल्टांची डोकी इंग्लंडच्या जुन्या व्हिटवर्थ मापाची. मूळ इंजिन फ्रेंच यंत्रसामग्रीवर घडले आणि पाने इंग्रज मिस्त्रीच्या हातातील राहिले, त्याचा हा परिणाम. अशा इंजिनात हाती लागेल तो बोल्ट घुसविण्याचा प्रयत्न केल्यास आटे कायमचे जातात.

देखभालीत सर्वाधिक लक्ष मागतात ते एसयू जातीचे जुळे कार्बोरेटर. त्यांची करामत साधी आहे. प्रत्येक कार्बोरेटरमध्ये एक पिस्टन असतो. इंजिन जितकी हवा ओढते तितका तो वर उचलला जातो आणि त्याच्या तळाशी असलेली निमुळती सुई जेटमधून वर सरकते. सुई वर गेली की जेटमधील फट वाढते आणि पेट्रोल अधिक येते. पिस्टनने एकदम उडी मारू नये म्हणून वरच्या नळीत थोडे तेल असते. हे तेल संपले की ॲक्सिलरेटर दाबताच गाडी आचका देते. अनेक मालक तेवढ्यावरून कार्बोरेटर खोलायला घेतात. पाहायचे असते ते चमचाभर तेल. दोन्ही कार्बोरेटर सारखी हवा ओढतात की नाही, हे रबरी नळीचे एक टोक कानाशी आणि दुसरे कार्बोरेटरच्या तोंडाशी धरून ऐकता येते. दोन्हीकडचा फुत्कार सारखा येईपर्यंत स्क्रू फिरवायचे. सारे जुळवूनही इंजिन मंद गतीवर अडखळत असेल, तर थ्रॉटलची दांडी झिजून तेथून फालतू हवा शिरते आहे असे समजावे. तेथे नवी पितळी बुश घडविणे हे लेथवरचे काम आहे, आणि लेथ चालविणाऱ्यांची जालन्यात वाण नाही.

या कार्बोरेटरांपुढे आज उभा असलेला खरा शत्रू पंपावरच्या पेट्रोलमध्ये आहे. २०२५ सालापर्यंत देशातील साध्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण वीस टक्क्यांपर्यंत पोचले. उसाच्या पट्ट्यातील शेतकऱ्याला त्याचा लाभ आहे. साठ वर्षांच्या गाडीला मात्र हे पेय सोसत नाही. जुन्या रबरी नळ्या त्यात फुगतात आणि ठिसूळ होतात. एमजीएच्या कार्बोरेटरमध्ये जेटभोवती बुचाच्या सालीची गाळबंदी असते, तीही खराब होते. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की टाकीच्या तळाशी पाणी साचते आणि पत्रा आतून गंजतो. शिवाय इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने मिश्रण पातळ होते आणि इंजिन अधिक तापते. उपाय आहेत, पण ते आधी करावे लागतात. नळ्या आणि गाळबंद्या इथेनॉल सोसणाऱ्या प्रकारच्या घालणे, जेट किंचित खाली घेऊन मिश्रण घट्ट करणे आणि पावसाळ्याआधी गाडी उभी करायची असल्यास टाकी व कार्बोरेटर रिकामे करणे. इंधनातील पूर्वीचा बदलही विसरता येत नाही. २००० साली देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. शिशाचे जे वंगण व्हॉल्व्हच्या बैठकींना मिळत असे ते त्या दिवसापासून बंद झाले. त्यामुळे हेड उतरलेच आहे तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हखाली कठीण पोलादाच्या बैठकी बसवून घेणे शहाणपणाचे ठरते.

मराठवाड्याच्या हवेचे दोन गुण आहेत, एक चांगला आणि एक वाईट. मुंबई-कोकणातील खारी दमट हवा पत्रा खाते. एमजीबीला वेगळी चेसी नाही. दाराखालच्या पोकळ पट्ट्यांवरच गाडीचा ताण असतो आणि गंज नेमका तेथेच आतून लागतो. जालन्याच्या कोरड्या हवेत हा रोग सावकाश वाढतो. पण मे महिन्यात पारा चाळीस अंशांपुढे जातो तेव्हा इंग्लंडच्या हवेसाठी बेतलेला रेडिएटर अपुरा पडतो. बोनेटखालच्या उष्णतेने नळीतच पेट्रोलची वाफ होते आणि गाडी फाटकापाशी किंवा चौकात बंद पडते. अशा वेळी मिस्त्री थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला हमखास देतो. तो मानू नये. त्याने मूळ दोष जात नाही, फक्त इंजिन योग्य तापमानाला यायला वेळ घेते. रेडिएटरची जाळी आणि ब्लॉकमधील पाण्याच्या वाटा साफ करणे, कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट यांच्यामधील पत्र्याचा आडोसा जागेवर आहे की नाही हे पाहणे आणि गरज वाटल्यास विजेचा पंखा बसविणे, हा क्रम योग्य.

विजेच्या कामाबद्दल जुन्या ब्रिटिश गाड्यांची जगभर थट्टा होते. ल्यूकस कंपनीला ‘अंधाराचा राजपुत्र’ म्हणण्याची पद्धत आहे. दोष बहुतेक वेळा यंत्राचा नसून सैल किंवा गंजलेल्या अर्थिंगचा असतो. एमजीए आणि १९६७ पर्यंतच्या एमजीबीमध्ये बॅटरीचे धन टोक चेसीला जोडलेले असते. आजच्या गाड्यांत ते उलट असते. हे ठाऊक नसलेल्या माणसाने सवयीने बॅटरी लावली की त्याचे फळ लगेच मिळते. वायरिंग उलटून घेता येते. पण त्यासाठी डायनामोचे ध्रुव बदलावे लागतात आणि एमजीबीच्या फेऱ्यांच्या काट्याचे आतील मंडलही बदलावे लागते. आसनांमागे असलेल्या सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांऐवजी बारा व्होल्टची एक लावणे हा त्याहून निरुपद्रवी बदल.

बदल कोठवर करायचे, हाच या छंदातील कळीचा मुद्दा आहे. परदेशी गाड्यांच्या आयातीवर दीर्घकाळ निर्बंध होते. सुटे भाग मागविणेही दुरापास्त होते. त्या काळात देशात उरलेल्या जुन्या गाड्या अ‍ॅम्बेसेडरच्या, जीपच्या भागांवर जगल्या. ज्यांना ते करावे लागले त्यांना नावे ठेवणे सोपे आहे, पण त्या तडजोडी झाल्या नसत्या तर त्यांतील कित्येक गाड्या भट्टीतच गेल्या असत्या. आज परिस्थिती निराळी आहे. इंग्लंडमध्ये एमजीबीचा संपूर्ण नवा सांगाडा १९८८ पासून पुन्हा तयार होऊ लागला, आणि ब्रेकच्या रबरापासून बंपरपर्यंत बहुतेक भाग पैसे व आयातशुल्क मोजण्याची तयारी असल्यास मिळतात. तेव्हा डिझेल इंजिन बसविणे, चेसी कापणे किंवा वातानुकूलनासाठी डॅशबोर्ड फोडणे यांना आता सबब उरलेली नाही. बदल असा असावा की पुढच्या मालकाला एका दुपारी तो काढून टाकता यावा. डिस्ट्रिब्यूटरच्या आतील इलेक्ट्रॉनिक इग्निशन, विजेचा पंखा किंवा सीटबेल्ट या कसोटीला उतरतात.

कायदाही आता याच बाजूचा आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार उत्पादकाच्या मूळ रचनेत मनमानी फेरफार करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली ते अधिक ठामपणे सांगितले. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली, मूळ स्वरूपात राखलेली गाडी ‘विंटेज’ ठरते. चेसी, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला असल्यास ती या व्याख्येतून बाहेर पडते. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षांची आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. आधीच नोंदलेल्या गाडीला तिचा जुना क्रमांक ठेवता येतो.

मग एमजीएमध्ये अ‍ॅम्बेसेडरचा ब्लॉक असेल तर? घराणे एकच असले तरी इंजिन क्रमांक निराळा, आणि कागदोपत्री तोच महत्त्वाचा. म्हणून मूळ ब्लॉक तडकलेला असला तरी तो विकू नये. ओतीव लोखंडातील तडा धातूच्या खिळ्यांनी शिवता येतो आणि झिजलेल्या सिलिंडरला स्लीव्ह बसविता येते. दुसरीकडे, अ‍ॅम्बेसेडरमधून मिळणारे रॉकर, पुशरॉड, टॅपेट यांसारखे भागही आता सहज मिळतील असे नाही; आणि तेही कॅटलॉगशी पडताळूनच घ्यावे लागतात. १९८० पासून अ‍ॅम्बेसेडर डिझेलवर येऊ लागली, १९९२ पासून तिच्यात इसुझुचे पेट्रोल इंजिन आले आणि २०१४ साली तिचे उत्पादनच थांबले. म्हणजे कामाचे बी-सीरिज पेट्रोल इंजिन मिळणार ते त्याआधीच्या गाड्यांत. एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी गाड्यांच्या नोंदणीचे नूतनीकरण थांबले, त्यामुळे सरकारी आवारांत उरलेल्या अ‍ॅम्बेसेडरांनाही भंगाराचीच वाट आहे. त्या इंजिनांवर काम केलेले मिस्त्रीही आता वयाने साठी-सत्तरीचे आहेत. मोटार मेकॅनिकच्या आजच्या विद्यार्थ्याला संगणक जोडून दोष शोधणे येते. रबरी नळी कानाला लावून कार्बोरेटर जुळविणे त्याला कोणी दाखविलेले नसते. जुन्या गाडीच्या मालकाने एखादा होतकरू मुलगा अशा मिस्त्रीच्या हाताखाली चार रविवार बसविला, तर तो खर्च आयात केलेल्या क्रोमच्या बंपरपेक्षा कमी आणि उपयोग अधिक.

विंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली आणि तांत्रिक संशोधन यांसाठी ती चालविता येते. पेट्रोल भरण्यासाठी आणि देखभालीसाठीही नियमाने मुभा दिली आहे, त्यामुळे बोअरिंगच्या कामाला गाडी छत्रपती संभाजीनगरला न्यायची झाल्यास अडचण नाही. निघण्यापूर्वी रेडिएटरचे पाणी आणि इंजिनातील तेल पाहावे, आणि मे महिना असेल तर पहाटेच निघावे.