श्वास सांभाळायला शिकवा

होळकरांच्या छत्र्यांवरून नाव पडलेल्या इंदूरच्या छत्रीबागेत दुखणे हाताबाहेर गेले की घरचे लोक ‘एमवाय’ची वाट धरतात. महाराजा यशवंतराव रुग्णालय ते हेच. मे 2016 मध्ये इथे शस्त्रक्रियेसाठी आणलेली दोन मुले दगावली. ऑक्सिजनच्या नळीतून नायट्रस ऑक्साइड येत होता, जोडणीतच अदलाबदल झालेली होती. चूक जोडणीची, विद्यार्थ्यांचा तिच्याशी संबंध नाही. तरीही भूलशास्त्र एमबीबीएसच्या प्रत्येक विद्यार्थ्याला का आणि किती शिकवावे, हा प्रश्न या घटनेपाशी आल्यावर टाळता येत नाही. शंभर टक्के ऑक्सिजन चालू असूनही पल्स ऑक्सिमीटरचा आकडा घसरत असेल, तर श्वासनलिका, फुप्फुस आणि यंत्र यांच्या बरोबरीने खुद्द वायूवरही संशय घ्यायचा असतो. आत जाणाऱ्या ऑक्सिजनचे प्रमाण मोजणाऱ्या उपकरणाकडे पाहायचे, नळी काढून राखीव सिलिंडर उघडायचा. तोही हाताशी नसेल तर साध्या अंबू बॅगने खोलीतली हवा द्यायची. तिच्यात 21 टक्के ऑक्सिजन असतो, शुद्ध नायट्रस ऑक्साइडमध्ये तो मुळीच नसतो. संशयाची ही सवय पुस्तक वाचून लागत नाही.

हाताचेही तसेच आहे. अंगठा आणि तर्जनीने मास्क चेहऱ्यावर घट्ट बसवायचा, उरलेल्या तीन बोटांनी जबडा हाडाला धरून वर उचलायचा आणि दुसऱ्या हाताने बॅग दाबायची. बोटे हाडाऐवजी हनुवटीखालच्या मऊ भागावर दाबली गेली तर जीभ मागे ढकलली जाते आणि वाट बंद होते, लहान मुलांत तर फारच सहज. छाती वर येते की नाही, हे पाहत पाहतच हात सुधारतो. सापाचे विष चढून श्वास मंदावलेला शेतकरी किंवा झटके येऊन निपचित पडलेले मूल प्राथमिक आरोग्य केंद्रात येते, तेव्हा समोर भूलतज्ज्ञ नसतो, नुकताच पदवी घेतलेला डॉक्टर असतो. असे असताना 2021च्या नियमांत इंटर्नशिपमध्ये भूलशास्त्र आणि अतिदक्षता मिळून दोनच आठवडे आहेत. मला ते फार अपुरे वाटतात.

अर्धवट शिकलेला डॉक्टर जास्त धोक्याचा, हा आक्षेप खरा आहे आणि तो हसून सोडून देण्यासारखा नाही. पण सिझेरियनसाठी भूलतज्ज्ञ मिळत नाही म्हणून सरकारनेच एमबीबीएस डॉक्टरांसाठी 18 आठवड्यांचे भूल-प्रशिक्षण सुरू केले होते. म्हणजे गरज मान्य आहे, शिकवणे मात्र पदवीनंतरच्या काळावर ढकलले जाते. इथे मागणी भूल देण्याच्या परवान्याची नाही. मास्कने श्वास देणे, यंत्र तपासणे, रिकव्हरीतल्या रुग्णावर नजर ठेवणे आणि आपल्याला जमत नाही हे ओळखून वेळेत हाक मारणे, एवढेच यावे. रुग्णावर हात बसवू नये, हेही मान्य. आधी पुतळ्यावर सराव, मग शिक्षक शेजारी उभा असताना थिएटरमध्ये. खरी अडचण शिक्षकाच्या वेळेची आहे. लागोपाठ केसेस उरकणाऱ्या भूलतज्ज्ञाला शिकवायला उसंत मिळत नाही. म्हणून आठवडे वाढवण्याआधी महाविद्यालयांनी रोज एक तरी भूलतज्ज्ञ केसेसमधून मोकळा करून फक्त विद्यार्थ्यांसाठी ठेवावा.