सहकुटुंब बोट घ्यायची, पण किती घोड्यांची?

नाशिककराच्या हाती चार पैसे खेळू लागले, की तो काय घेतो? पूर्वी मळा घेई, मग मोटार, मग मळ्यातच बंगला. आता कोणाकोणाच्या मनात बोट येऊ लागली आहे. गंगापूर धरणावर संध्याकाळी फिरायला गेलेल्या गृहस्थाला समोरचे अथांग पाणी पाहून वाटते, की आपलीही एक पांढरीशुभ्र मोटारबोट असावी, दिवाळीच्या सुट्टीत लेकी-जावई, नातवंडे तीत बसावीत आणि मागे लांब दोराला धरून धाकटे चिरंजीव पायांत फळ्या बांधून पाण्यावरून भरारत यावेत. हौसेला मोल नसते, असे म्हणतात. बोटीला मात्र असते, आणि तेही चांगलेच सणसणीत! म्हणून दुकानदाराच्या गोड बोलण्याला भुलण्यापूर्वी थोडा हिशेब मांडू या.

पाण्यावरून स्कीने घसरत जाण्याचा हा खेळ फार जुना नाही. १९२२ साली अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात राल्फ सॅम्युएलसन नावाच्या अठरा वर्षांच्या पोराने तो पहिल्यांदा साधला. बर्फावर पाय घसरतात, मग पाण्यावर का घसरू नयेत, एवढाच त्याचा प्रश्न. पिंपाच्या फळ्या झाल्या, बर्फावरच्या स्की झाल्या. पठ्ठ्या दर वेळी बुडाला. शेवटी त्याने पाइनच्या आठ फुटी रुंद फळ्या आणल्या, आईच्या तांब्याच्या भांड्यात त्यांची टोके उकळून वर वळवली आणि मागे रेलून, टोके पाण्याबाहेर ठेवून तो उभा राहिला. त्याच्या भावाची बोट होती ट्रकच्या जुन्या इंजिनाची, चालीने मंद. त्या फळ्या एवढ्या रुंद होत्या म्हणूनच तिच्यामागे त्याचे निभले.

आजच्या स्की अरुंद असतात. मोठ्या माणसाला दोन स्कींवर आरामात चालायला ताशी ४० ते ४५ किलोमीटर वेग पुरतो. एका स्कीवर वळणे घेणाऱ्या पुरुषांच्या शर्यतीत तो ५८ पर्यंत जातो. यावरून गिऱ्हाईक चटकन म्हणते, “मग काय, पन्नासने पळणारी बोट बस झाली!” येथेच फसगत होते. वेगाचा प्रश्न पुढचा. खरी कसोटी पहिल्या चार-पाच सेकंदांची. माणूस गळ्यापर्यंत पाण्यात बसलेला, दोर ताणलेला, आणि बोटीने त्याला उपटून वर काढायचे. त्याच वेळी बोट स्वतःही पाण्यात रुतलेली असते. पुढचे टोक वर करून स्वतःच्याच लाटेचा चढ तिला चढायचा असतो. तो चढली, की ती पाण्याच्या पाठीवर आडवी होऊन थोड्या शक्तीत पळते. इंजिन लेचेपेचे असेल तर बोट त्या चढावर कण्हत राहते, आणि मागचा बिचारा नाकातोंडात पाणी जाऊन दोर सोडून देतो. घाटात गाडी पहिल्या गिअरमध्ये अडकावी, तसा प्रकार.

आता वजन मांडा. सतरा फुटी फायबरची बोट, समजा ५५० किलो. मागे टांगायचे ११५ अश्वशक्तीचे इंजिन, सुमारे १६५. पेट्रोल, बॅटरी, नांगर, दोर मिळून ८५. पाच माणसे, त्यांची जाकिटे आणि फराळाचे डबे (हे घरच्या मंडळींशिवाय कोणी मोजत नाही) ३५०. एकूण ११५० किलो. ढोबळ ठोकताळा असा, की एका अश्वशक्तीमागे १०–१२ किलो ओझे असले तर ओढ चांगली. १८–२०च्या पुढे गेले तर बोट कशीबशी उठते, पण माणूस ओढणे कठीण.

नाशिककराला आणखी एक कर भरावा लागतो, तो उंचीचा. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचावर. हवा थोडी विरळ, आणि साध्या पेट्रोल इंजिनाची शक्ती त्या मानाने सहा-सात टक्क्यांनी घटते. मुंबईच्या किनाऱ्यावर ११५ घोडे असलेले इंजिन येथे १०७–१०८ घोड्यांचे होते. तरी वरच्या हिशेबात अश्वशक्तीमागे पावणेअकरा किलोच पडतात. म्हणजे ते चालेल. स्वस्तात मिळते म्हणून पन्नासचे घेतले, तर चोवीस किलो! ते इंजिन हलक्या बोटीत एकटा चालक, एक पाहणारा आणि मागे दहा-बारा वर्षांचे पोर, एवढ्यालाच पुरावे.

यावर एक स्वस्त उपाय आहे, तो म्हणजे पंखा. एका फेरीत पंखा किती इंच पुढे सरकेल त्याला पीच म्हणतात. पीच एक-दोन इंचांनी कमी असलेला पंखा लावला, की वरचा वेग थोडा घटतो, पण पहिली ओढ वाढते. आपल्याला हवी ती तीच. विक्रेते बहुधा मोठ्या वेगाचा पंखा लावून देतात, कारण वेगाचा आकडा ऐकायला बरा वाटतो.

बोटीचा तळ फार खोल इंग्रजी व्हीसारखा असला तर लाटा सुखाने कापतो, पण उठायला शक्ती जास्त खातो. धरणाच्या पाण्याला मध्यम व्ही पुरे. आणि पेट्रोल! पूर्ण जोरात ११५चे इंजिन तासाला चाळीस लिटरच्या घरात पिते. शिवाय आपल्या पंपांवरच्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, तर बहुतेक बोट-इंजिनांच्या पुस्तिका दहा टक्क्यांपर्यंतच परवानगी देतात. इथेनॉल पाणी शोषते. महिनाभर उभ्या बोटीच्या टाकीत ते खाली बसते. ज्या इंजिनाची कंपनी वीस टक्के चालेल असे लेखी देईल, तेच घ्यावे.

पण बोटीआधी पाणी पाहायला हवे, आणि ही गोष्ट कोणी सांगत नाही. गंगापूर धरण म्हणजे नाशिक शहराचे पिण्याचे पाणी. काठावर पर्यटन महामंडळाचा बोट क्लब आहे म्हणून प्रत्येकाने आपले इंजिन त्यात घालावे, असे होत नाही. जलसंपदा विभागाची लेखी परवानगी नसेल तर तो विचार सोडावा. निफाडकडचे नांदूर मध्यमेश्वर तर पक्ष्यांचे अभयारण्य, रामसर यादीतले; तेथे मोटारबोटीचे नावही काढू नये. उरलेल्या धरणांतही उन्हाळ्यात पाणी ओसरते, खडक आणि खुंट वर येतात, कोळ्यांची जाळी असतात. स्कीचे दिवस खरे म्हणजे पावसाळा सरल्यापासून माघापर्यंत. देशांतर्गत जलवाहतुकीसाठी २०२१चा नवा कायदा आहे. त्याखाली यांत्रिक बोटीची नोंदणी, तपासणी आणि विमा लागतो. हे कागद जुळत नसतील, तर साताऱ्याकडे कोयनेच्या काठी मुनावळ्याला २०२४ साली जलक्रीडा केंद्र सुरू झाले आहे. तेथे दोन दिवस हौस भागवून बघावी. एका बोटीच्या पैशात अशा किती दिवाळ्या होतील, याचा हिशेब गृहिणीकडे सोपवावा!

धरणाचे पाणी शांत दिसते, पण वाऱ्याला वेळ लागत नाही. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या पाण्यावर वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटून सहा जीव गेले. म्हणून पोहता येवो न येवो, प्रत्येकाच्या अंगात जाकीट हवेच. चालकाच्या मनगटाला इंजिन बंद करणारी दोरी बांधलेली असावी. चालकाने पुढे पाहायचे. मागे पाहायला वेगळा जाणता माणूस हवा, आणि तो मोबाइलवर चित्रे काढणारा नको. पडलेल्या माणसाकडे बोट उलटी नेऊ नये. वळसा घालून सावकाश यावे आणि तो हाताशी येताच इंजिन पूर्ण बंद करावे. पंखा फिरत असताना कोणालाही शिडीवर पाय ठेवू देऊ नये.

इतके करूनही घ्यायचीच ठरली, तर पैसे देण्याआधी चाचणी मागावी. विक्रेता एकटा बसून गरकन फेरी मारून दाखवील. तिला भुलू नये. टाकी भरायला लावावी, घरची पाचही माणसे बसवावीत आणि घरातल्या सर्वांत जड माणसाला मागे दोराला धरायला सांगावे. जावईबापू तयार असले तर उत्तमच.