शस्त्र, परवाना आणि नागरिक

‘पोलिसांनी सापळा रचून गावठी कट्टा व दोन जिवंत काडतुसे हस्तगत केली’, ही चार ओळींची बातमी आता इतकी नित्याची झाली आहे की, ती वाचून पान उलटताना कोणाचीही भुवई उंचावत नाही. शहादा, तळोदा, नवापूर अशी गावांची नावे तेवढी बदलतात. मजकूर तोच राहतो. त्या बातमीत नाव आलेला तरुण पुढे किती वर्षे गजाआड राहणार, त्याने नेमका कोणता कायदा मोडला, आणि त्याच्या शेजारच्या घरात माळ्यावर पडून असलेल्या आजोबांच्या बंदुकीची कायदेशीर अवस्था याहून कितपत निराळी आहे, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. म्हणूनच पहिल्या पानावरची ही जागा आज आम्ही या रुक्ष वाटणाऱ्या विषयाला देत आहोत.

निमित्त एका भेटीचे झाले. प्रस्तुत लेखक पूर्वाश्रमीचा शाळामास्तर असल्यामुळे जुने विद्यार्थी अधूनमधून कचेरीत डोकावतात. असाच एक, अक्राणी भागात शेती करणारा गृहस्थ, मध्यंतरी येऊन बसला. वडिलांना जाऊन दोन वर्षे होत आली होती. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी वडिलांनी घेतलेली ठासणीची बंदूक घरात तशीच होती, आणि परवान्याचे पुस्तकही ट्रंकेत जपून ठेवलेले होते. त्याने विचारले, “सर, परवाना आहे, तेव्हा भिण्याचे कारण नाही ना?” कारण होते, आणि ते पुरेसे मोठे होते. परवाना माणसाला मिळतो, बंदुकीला किंवा घराला मिळत नाही. परवानाधारक निवर्तला की ते शस्त्र विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात अथवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते, आणि वारसाला ते हवे असेल तर त्याने आपल्या नावाचा स्वतंत्र परवाना मागावा लागतो. तसे न करता हा सज्जन गृहस्थ दोन वर्षे विनापरवाना अग्निशस्त्र बाळगीत होता. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या अपराधाला किमान दोन आणि कमाल पाच वर्षांची कैद आहे. कायदा ठाऊक नव्हता, ही सबब कोणत्याही न्यायालयात चालत नाही, हे आम्ही त्याला सांगितले तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. वडील हयात असतानाच ही सोय करता आली असती, हे तर त्याच्या गावीही नव्हते. परवानाधारकाचे वय सत्तर झाले किंवा शस्त्र पंचवीस वर्षे त्याच्याकडे राहिले, तर ते वारसाच्या नावे करण्यासाठी अर्ज करण्याची तरतूद २०१६ च्या शस्त्र नियमांत आहे.

आपल्याकडे शस्त्रांच्या कायद्याविषयी जे अज्ञान आहे, त्याची मुळे इतिहासात आहेत. हा कायदा आपण केला नाही, तो आपल्यावर लादला गेला, ही भावना एके काळी सर्वस्वी न्याय्य होती. १८५८ साली याच सातपुड्यात अंबापाणी येथे खाज्या नाईकाच्या भिल्ल साथीदारांनी इंग्रजी फौजेशी झुंज दिली. उठाव शमल्यावर सरकारने लोकांच्या हातांतील हत्यारे काढून घेण्याचे धोरण धरले, आणि लॉर्ड लिटनच्या राजवटीत १८७८ चा शस्त्र कायदा आला. त्यात हिंदी माणसाला परवान्याची सक्ती आणि युरोपियनाला सूट, असा उघड पंक्तिप्रपंच होता. काँग्रेसच्या आरंभीच्या अधिवेशनांतून त्याविरुद्ध ठराव होत असत ते याचसाठी. १९३१ च्या कराची ठरावात तर नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतच घातला होता. घटना समितीत १९४८ च्या डिसेंबरात हरि विष्णु कामत यांनी त्याच आशयाची उपसूचना मांडली. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला. असा हक्क सरसकट दिला तर तो चोर-दरोडेखोरांनाही नाकारता येणार नाही, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. उपसूचना फेटाळली गेली. आपल्या घटनेच्या १९ व्या अनुच्छेदात आज शस्त्रांचा उल्लेख आहे तो निराळ्याच अर्थाने : नागरिकांना शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क आहे. नागरिकशास्त्राच्या तासाला हे कलम शिकवताना ‘विनाशस्त्र’ या शब्दावर आम्ही मुद्दाम थांबत असू. परीक्षेत मात्र तो एकच शब्द मुले हमखास गाळत.

तेव्हा पहिली गोष्ट ही की, भारतात बंदूक हा हक्क नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली एका प्रकरणात याचा पुनरुच्चार करताना अमेरिकेच्या घटनेशी असलेला फरकही दाखवून दिला. दुसरी गोष्ट अशी की, याबाबतीत राज्याराज्यांचे निरनिराळे कायदे नाहीत. मोबाईलच्या पडद्यावर अमेरिकेतील चित्रफिती पाहणाऱ्या आमच्या तरुणांचा येथेच घोटाळा होतो. तेथे संघराज्याच्या कायद्यानुसार माणसाला स्वतःच्या उपयोगासाठी बंदूक घरी घडविता येते. काही राज्ये तिला कडक अटी घालतात, काही घालीत नाहीत. आपल्या घटनेच्या सातव्या अनुसूचीत मात्र शस्त्रे, दारूगोळा आणि स्फोटके हा विषय केंद्राच्या यादीत पाचव्या क्रमांकावर आहे. १९५९ चा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून देशभर लागू आहे. मध्य प्रदेशात खेतियाला चालते आणि इकडे शहाद्याला चालत नाही, किंवा गुजरातेत सूट आहे, असल्या गप्पा केवळ पारावरच्या समजाव्यात.

घडविण्याविषयी कायदा काय म्हणतो? कलम ५ अन्वये परवान्याशिवाय अग्निशस्त्र तयार करणे, विकणे, त्याचे रूपांतर करणे, एवढेच नव्हे तर त्याची दुरुस्ती करणेही निषिद्ध आहे. ‘विकण्यासाठी नाही, हौसेखातर केले’ याला येथे काही अर्थ नाही. गावच्या लोहाराने ओळखीखातर ठासणीच्या बंदुकीचा घोडा सांधून दिला, तर तोही या कलमाच्या कक्षेत येतो, हे किती लोहारांना ठाऊक असेल? कलम ६ प्रमाणे बंदुकीची नळी कापून आखूड करणे किंवा खोट्या पिस्तुलाचे खरे करणे हेही स्वतंत्रपणे मना आहे. शिक्षा सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत.

आणि तरीही कट्टे घडतात, विकले जातात. नंदुरबारच्या शेजारच्या बडवानी जिल्ह्यातील उमर्टी हे गाव यासाठी कुप्रसिद्ध आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्याहून पोलीस तेथवर गेले आणि त्यांनी शस्त्रे घडविण्याच्या भट्ट्या उद्ध्वस्त केल्या. हातांत पिढीजात कसब असलेल्या शिकलगार कारागिरांचे नाव या धंद्याशी जोडले जाते, तेव्हा आम्हांला विषाद वाटतो. ज्यांचे पूर्वज फौजांची हत्यारे घडवीत, त्यांच्या हातांना इतक्या वर्षांत आपण दुसरे सन्मानाचे काम देऊ शकलो नाही. भट्टी मोडली तरी कसब आणि भूक ही दोन्ही मागे उरतात, आणि पुढची भट्टी त्यांतूनच पेटते. अर्थात याने कट्टा विकत घेणाऱ्याचा अपराध रतिभरही हलका होत नाही.

आता विकत घेण्याविषयी. क्रम असा आहे की परवाना आधी आणि शस्त्र मागाहून. आपल्या जिल्ह्यात परवाना देणारे अधिकारी म्हणजे जिल्हा दंडाधिकारी, अर्थात कलेक्टर. विहित नमुन्यात अर्ज करावा लागतो, पोलिसांचा अहवाल मागविला जातो, शारीरिक व मानसिक आरोग्याचा दाखला लागतो, आणि २०१६ च्या नियमांनुसार शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे शिक्षणही घ्यावे लागते. वयाची एकवीस वर्षे पूर्ण हवीत. एका माणसाला पूर्वी तीन अग्निशस्त्रे ठेवता येत. २०१९ पासून दोनच, आणि त्यांत वडिलोपार्जित शस्त्रही मोजले जाते. परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली आहे. शेजाऱ्याकडची जुनी बंदूक घ्यायची म्हटली, तर विकणारा व घेणारा असे दोघेही कायद्याने पात्र असले तरी भागत नाही; विकणाऱ्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबावे लागते.

हे सारे ऐकून वाचकांचा समज होईल की, हा कायदा फक्त पैसेवाल्यांसाठी व वशिलेवाल्यांसाठी आहे. कायद्याचा मजकूर मात्र नेमके उलट सांगतो, आणि आमच्या मते या लेखातील हीच गोष्ट सर्वांत अधिक लोकांपर्यंत पोहोचावयास हवी. पिकाच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्या नागरिकाला, तो अन्यथा अपात्र नसेल तर, परवाना द्यावा, असे कलम १३ म्हणते. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही, असे कलम १४ बजावते. नाकारल्यास कारणे लेखी नोंदविणे अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे, आणि त्या निर्णयावर कलम १८ खाली अपीलही करता येते. धडगावच्या डोंगरात चार एकर ज्वारी-मका राखणाऱ्या पावरा शेतकऱ्यासाठीच जणू हे शब्द लिहिले आहेत. परंतु ज्याच्यासाठी लिहिले त्याच्या कानावर ते कोणी घातलेच नाहीत.

बंदूक मिळाली म्हणजे वाटेल त्या जनावरावर रोखता येते, असाही समज नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. पिकाची नासाडी करणारे रानडुक्कर मारावयाचे तरी वनाधिकाऱ्यांचा लेखी परवाना लागतो. उसाच्या फडात ठाण मांडणाऱ्या बिबट्याच्या बाबतीत तर तो अधिकार राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांचाच आहे. प्रत्यक्ष अंगावर आलेल्या जनावरापासून सद्हेतूने जीव वाचविताना ते मेले, तर तो गुन्हा नव्हे. मात्र मेलेले जनावर सरकारचे.

एकीकडे हा शेतकरी, आणि दुसरीकडे कमरेला पिस्तूल लावून लग्नाच्या मांडवात मिरवणारी मंडळी! शस्त्र हे प्रतिष्ठेचे लेणे झाले की काय होते, ते महाराष्ट्राने अलीकडेच पाहिले आहे. उल्हासनगरला फेब्रुवारी २०२४ मध्ये एका आमदाराने पोलीस ठाण्यातच गोळ्या झाडल्या. बीड जिल्ह्यात हजारावर परवाने वाटले गेल्याचे उघडकीस आल्यावर त्यांची छाननी झाली आणि २०२५ मध्ये कित्येक रद्द करावे लागले. ते देताना कलम १३ ची चौकशी कोणी कशी केली होती, हा प्रश्न मात्र छाननीत कोणी विचारल्याचे दिसले नाही. वरातीत हवेत बार काढण्याची जी हौस आहे, तिला २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही. हवेत गेलेली गोळी खाली येतेच, हे सांगण्यासाठी कायदा करावा लागला!

राज्याचा म्हणून जो कायदा आहे तो बाळगण्याविषयीचा नसून मिरविण्याविषयीचा आहे. १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या ३७ व्या कलमाखाली आदेश जारी असताना बंदूकच काय, पण तलवार, भाला वा लाठी घेऊनही सार्वजनिक जागी फिरता येत नाही. सणासुदीला वर्तमानपत्रांत येणारी ती जाहिरात आपण न वाचताच सोडून देतो. निवडणुकीच्या काळात परवान्याची शस्त्रे जमा करण्याचे आदेश निघतात ते निराळे. तेथेही प्रत्येकाचे शस्त्र सरसकट न घेता छाननी समितीने कोणाचे घ्यावयाचे ते ठरवावे, अशी पद्धत आहे, आणि मुदत संपल्यावर ते परत मिळते.

नंदुरबारला बंदुकीचे कौतुक असण्याचे वास्तविक काही कारण नाही. ९ सप्टेंबर १९४२ रोजी माणिक चौकात शिरीषकुमार आणि त्याचे चार सोबती गोळीला छातीवर झेलून पडले, तेव्हा त्यांच्या हातांत झेंडा होता. त्या चौकावरून रोज जाणाऱ्या पोरांच्या खिशात आज कट्टा सापडावा, याची खंत कलेक्टर कचेरीइतकीच आमच्या शाळांनाही वाटली पाहिजे.

प्रशासनाकडे आमचे मागणे मोठे नाही. परवान्याची आणि वारसाहक्काच्या शस्त्रांची माहिती देणारे एक पान मराठीत, पावरीत आणि भिलीत काढावे. ते धडगाव, मोलगी आणि अक्कलकुव्याच्या आठवडे बाजारात वाचून दाखविण्याची सोय करावी. परवानाधारकांच्या मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत होतेच. ती तेथून पोलीस ठाण्याला आपोआप कळविली जावी, म्हणजे घरोघरी माळ्यावर पडलेल्या बंदुका वेळीच उजेडात येतील. ज्याने अजाणता बंदूक घरात ठेवली आणि स्वतः होऊन आणून दिली, त्याच्याशी ठाणे अंमलदाराने आरोपीसारखे बोलू नये. आमचा विद्यार्थी दुसऱ्याच दिवशी गोणपाटात गुंडाळलेली ती बंदूक घेऊन ठाण्यात गेला. जमा केल्याची पावती त्याला मिळाली आहे, आणि नव्या परवान्याचा अर्ज आम्ही त्याला भरून दिला आहे.