वंशावळ संशोधन (नांदेड व लातूर)

नांदेड व लातूर जिल्ह्यांतील वंशावळ संशोधन म्हणजे या भागातील कुटुंबांच्या पूर्वजांचा जुन्या शासकीय व खाजगी अभिलेखांच्या आधारे घेतलेला शोध होय. हा प्रदेश १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे येथील जुनी कागदपत्रे फारसी, उर्दू व मोडी मराठीत आढळतात आणि आज ती तीन राज्यांत विभागलेली आहेत. जातीचे प्रमाणपत्र, वारसाहक्क व जमिनीचे वाद यांत पूर्वजांची नोंद निर्णायक ठरत असल्याने हा विषय केवळ कौटुंबिक जिज्ञासेपुरता मर्यादित राहिलेला नाही.

== पार्श्वभूमी ==
युरोपात वंशसंशोधनाचा मुख्य आधार चर्चच्या नोंदवह्या हा असतो. स्कॉटलंडमध्ये १८५५ पासून जन्म, विवाह व मृत्यूची नोंदणी सक्तीची झाली. त्यापूर्वीच्या माहितीसाठी तेथील पॅरिशच्या बाप्तिस्मा व विवाहाच्या वह्या पाहिल्या जातात. मराठवाड्यात सर्वसामान्य कुटुंबांसाठी अशी धार्मिक नोंदणी नव्हती. राज्यकर्त्यांना रस होता तो जमीन, सारा आणि वतन यांत. म्हणून येथील पूर्वज प्रामुख्याने शेतसाऱ्याच्या कागदांत सापडतो. ज्याच्या नावे जमीन नव्हती अशा भूमिहीन कुटुंबांचा आणि स्त्रियांचा माग काढणे त्यामुळे अधिक कठीण जाते.

== प्रशासकीय सीमा ==
शोध सुरू करण्यापूर्वी गाव त्या काळी कोणत्या जिल्ह्यात होते हे निश्चित करावे लागते. लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ रोजी उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला. त्यातील उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होते. किनवट तालुका त्याच वर्षी आदिलाबाद जिल्ह्यातून महाराष्ट्राच्या बाजूला आला, तर नांदेड जिल्ह्यातील मुधोळ, भैंसा तसेच बिचकुंदा व जुक्कल हे भाग तेव्हाच्या आंध्र प्रदेशात गेले. परिणामी उदगीरच्या कुटुंबाचा कागद बिदरला आणि किनवटचा आदिलाबादला असण्याची शक्यता असते. संस्थानच्या मध्यवर्ती कार्यालयांचे दप्तर हैदराबाद येथील तेलंगणा राज्य अभिलेखागारात आहे.

जहागिरी, पायगा व निजामाच्या खाजगी मालकीचा सर्फ-ए-खास मुलूख यांचा कारभार दिवाणी मुलखापासून वेगळा होता. १९४९ मध्ये या व्यवस्था संपुष्टात आल्या. गाव यांपैकी कशात मोडत होते यावरही कागद कोठे शोधावा हे ठरते.

== अभिलेखांचे प्रकार ==
'''महसुली अभिलेख :''' खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कूळ नोंदवही, हक्कनोंद पत्रक, फेरफार आणि सातबारा हे तहसील कार्यालयात, तर शेतवारपत्रक, क्लासर रजिस्टर, पक्का बुक इत्यादी भूमी अभिलेख कार्यालयात पाहता येतात. वारसाच्या फेरफारात मयत खातेदार व त्याचे वारस एकाच ठिकाणी नोंदवलेले असल्याने दोन पिढ्या थेट जोडल्या जातात.

'''वतन व इनाम :''' पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे इत्यादी वतनदारांच्या वादांत वंशावळ पुरावा म्हणून सादर केली जाई. इनाम चौकशीनंतर दिला जाणारा मुंतखब आणि त्यानंतरच्या वारसाच्या कार्यवाहीत अनेक पिढ्यांची नावे मिळतात.

'''शाळा व इतर नोंदी :''' शाळेचे प्रवेश-निर्गम रजिस्टर, जन्म-मृत्यूची गावनोंद, खरेदीखत, दत्तकपत्र, मृत्युपत्र तसेच पोलीस व कारागृहाच्या नोंदवह्या उपयोगी पडतात. शाळेच्या रजिस्टरात बहुधा जातीचाही रकाना असतो.

'''तीर्थोपाध्यायांच्या वह्या :''' त्र्यंबकेश्वर, नाशिक, काशी, गया इत्यादी क्षेत्रांतील उपाध्ये आपल्या यजमानांच्या नोंदी गाव व कुळानुसार ठेवतात. यात्रेला आलेली व्यक्ती आपल्या वाडवडिलांची व भावंडांची नावे सांगून ती लिहवून घेत असे.

'''ख्रिस्ती व युरोपीय कुटुंबे :''' हिंगोली व जालना येथे हैदराबाद कंटिन्जंट या फौजेच्या छावण्या होत्या. तेथील युरोपीय अधिकाऱ्यांमध्ये स्कॉटिश कुटुंबेही असत. ब्रिटिश भारतातील बाप्तिस्मा, विवाह व दफनाच्या नोंदींच्या प्रती लंडनला पाठवल्या जात आणि त्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिस अभिलेखांत आहेत. जालन्याजवळील बेथेल ही ख्रिस्ती वसाहत स्कॉटलंडच्या फ्री चर्चशी संबंधित रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात स्थापन केली. मराठवाड्यातील जुन्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी मिशनचे कागद हा स्वतंत्र स्रोत आहे.

== वाचनातील अडचणी ==
संस्थानात १८८० च्या दशकात फारसीची जागा उर्दूने घेतली. घाईने लिहिलेल्या उर्दूत नुक्ते गाळलेले असतात. ब, प, त, न ही अक्षरे शब्दाच्या मध्ये आली की नुक्त्यांवाचून ओळखता येत नाहीत, त्यामुळे नाव चुकीचे वाचले जाते. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही आणि शब्दही अनेकदा सलग लिहिलेले असतात.

कागदांवर फसली सन असतो. फसली सनात ५९० मिळवल्यास आरंभाचे इसवी वर्ष मिळते; उदाहरणार्थ, १३१७ फसली म्हणजे १९०७-०८. नावापुढे आडनाव नसणे सामान्य आहे. त्याऐवजी ‘वलद’ किंवा ‘बिन’ या शब्दाने वडिलांचे नाव दिले जाते, तर विवाहित स्त्रीच्या नावापुढे ‘कोम’ लिहून पतीचे नाव येते. उर्दू कागदातील ‘कौम’ हा शब्द मात्र जात वा समाज दर्शवतो. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याच्या प्रथेमुळे एकच नाव पिढ्या सोडून पुन्हा येते. म्हणून केवळ नाव जुळणे पुरेसे नसते. गट किंवा सर्व्हे क्रमांक, शेजारचे खातेदार व वर्ष हेही जुळावे लागतात.

लातूर जिल्ह्यात ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर अनेक गावांचे नव्या जागी पुनर्वसन झाले. तेथील घरांबाबत जुन्या व नव्या गावठाणाच्या नोंदी वेगवेगळ्या तपासाव्या लागतात.

== जात प्रमाणपत्र व कुणबी नोंदी ==
महाराष्ट्रात जातीचा दावा सिद्ध करताना ठरावीक दिनांकापूर्वीचा पुरावा महत्त्वाचा मानला जातो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ हे ते दिनांक होत. पूर्वजाची नोंद मिळाल्यावर अर्जदाराला वडिलांच्या बाजूने त्या व्यक्तीपर्यंतची वंशावळ जोडावी लागते. नोंद खरी असूनही मधला एक दुवा सिद्ध न झाल्यास दावा अडतो.

मराठा आरक्षण आंदोलनानंतर ७ सप्टेंबर २०२३ रोजी राज्य शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मराठवाड्यातील निजामकालीन कागदपत्रांतील कुणबी नोंदी शोधून प्रमाणपत्रे देण्याची कार्यपद्धती ठरवणे हे तिचे काम होते. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटमधील नोंदींचा आधार घेण्याची पद्धत ठरवली व गावपातळीवर चौकशी समित्यांची तरतूद केली. इतर मागास वर्गातील संघटनांनी या निर्णयाला विरोध केला आणि तो न्यायालयातही गेला.

या संदर्भात दोन प्रकारच्या कागदांतील फरक महत्त्वाचा आहे. गॅझेटिअर व जनगणना अहवाल एखाद्या प्रदेशातील जातींची एकूण लोकसंख्या देतात. त्यांत व्यक्तींची नावे नसतात. कोणत्या समाजाची वस्ती कोठे होती हे त्यांवरून कळते, पण विशिष्ट कुटुंबाचा पूर्वज कोण हे कळत नाही. त्यासाठी नाव असलेला महसुली, शालेय वा नोंदणी अभिलेखच लागतो.