शरणपत्रकांतील क्रियापद

माळशिरस तालुक्यातून आषाढी वारीच्या पालख्या पंढरीस जातात. त्या वाटेवर 'शरण जाणे' हा प्रयोग विठ्ठलाच्या संबंधात कानी पडतो आणि त्यात कमीपणाचा लेशही नसतो. तोच प्रयोग रणांगणावर आला की मानहानीचा वाचक होतो. शत्रुसैन्यावर विमानांतून पत्रके टाकणाऱ्यांची खरी अडचण हीच असते: ज्याला शरण आणावयाचे त्याला तो शब्दच सोसत नाही. शिवाय पत्रक 'शरण या' म्हणते; सैनिकाच्या गावी मात्र 'शरण गेला' असेच म्हटले जाणार, हे तो जाणून असतो.

दुसऱ्या महायुद्धात जपानी सैनिकांच्या बाबतीत अमेरिकनांना ही अडचण तीव्रतेने जाणवली. पत्रकांवर प्रथम 'मी शरण येत आहे' अशा अर्थाचे शब्द असत. पुढे त्यांच्या जागी 'मी प्रतिकार थांबवीत आहे' असा मजकूर आला. कृती तीच, पण कर्ता ताठ उभा राहतो. जर्मनांसाठी १९४४ मध्ये दोस्तांनी काढलेला परवाना याहून चतुर होता. त्यावर राजचिन्हे आणि आयझेनहॉवर यांची सही असे. मजकुरात जर्मन सैनिक तृतीयपुरुषी होता: हा बाळगणाऱ्यास निःशस्त्र करावे, अन्न व औषधोपचार द्यावेत. म्हणजे आज्ञा त्याला नव्हतीच; ती दोस्तांच्या पहारेकऱ्यांना होती!

भारतीय उदाहरण १९७१ चे आहे. पूर्व पाकिस्तानातील सैन्यास जनरल माणेकशा यांनी केलेली आवाहने आकाशवाणीवरून प्रसृत झाली, तशीच पत्रकांच्या रूपाने वरून टाकलीही गेली. त्यांतील एकात कोंडी झाल्याची जाणीव देऊन मुलाबाळांची आठवण करून दिली होती. आणि सैनिकापुढे शस्त्रे ठेवण्यात लांच्छन नाही, असे आश्वासन होते. येथे 'सैनिकापुढे' हे पद सर्वांत मोलाचे. सूड घेण्यास टपलेल्या जनतेपुढे नव्हे, तर समव्यवसायी माणसापुढे, हा भेद त्या एका पदाने साधला.

त्याच युद्धात जमालपूरच्या पाकिस्तानी शिबंदीस ९ डिसेंबरला ब्रिगेडियर क्लेर यांनी पत्र धाडले. त्याचा भर निराशाजनक परिस्थितीवर आणि विमानहल्ल्याच्या धमकीवर होता. उत्तरादाखल ताठर पत्र आले. सोबत बंदुकीची गोळी होती. धमकीने मानी अधिकाऱ्यास मागे फिरण्याची वाट ठेवली नाही, असेच म्हणावे लागते. पुढल्या रात्री शिबंदीने वेढा फोडण्याचा यत्न केला. दक्षिणेकडची वाट पहिल्या मराठा पलटणीने अडविली होती. ११ डिसेंबरला जमालपूर पडले.