म्हाताऱ्या इंजिनाचा श्वास

डॉक्टर तपासताना ‘जोरात श्वास घे’ म्हणतात ना? जुन्या मोटारीचाही श्वास असाच तपासता येतो बरं का!

फोर्डची ‘मॉडेल टी’ गाडी अमेरिकेत १९०८ ते १९२७ या काळात निघाली. तिच्या इंजिनात कॅमशाफ्ट नावाचा दांडा असतो. त्याचे उंचवटे झडपा, म्हणजेच व्हॉल्व्ह, उचलतात. क्रँकशाफ्टचे दोन फेरे, तेव्हा कॅमशाफ्टचा एक.

मोजायचं कसं? क्रँकशाफ्टला ३६० अंशांची तबकडी लावायची. पिस्टन अगदी वर, तेव्हा काटा शून्यावर. मग हळूहळू फिरवत बघायचं, झडप कुठे उघडते, कुठे मिटते. फोर्डचं माप असं: पिस्टन माथ्यावरून १/१६ इंच उतरला की श्वास घेणारी झडप उघडावी, तळाहून ९/१६ इंच चढला की मिटावी.

आता अंदाज बांधा. झडप थोडाच वेळ उघडी, म्हणजे श्वास आखूड. म्हणून हे इंजिन सावकाश छान ओढतं, पण वेग वाढला की धापा टाकतं. २.९ लिटरचं असूनही ताकद २० अश्वशक्ती, तीही मिनिटाला १६०० फेऱ्यांना!

जोडताना गिअरचा एक दात चुकला, तर तेवढीही मिळत नाही. म्हणून जाणकार कारागीर आधी मोजतो, मगच इंजिन बंद करतो. गणिताच्या पेपरात आपणही असंच करायला हवं, नाही का?